लसीच्या प्रमाणपत्रावर सही मिळेपर्यंत: कुत्र्यांसह मोटरहोमने प्रेअरीचा प्रवास

मिनिआपोलिसहून फार्गो, तिथून उत्तरेला वळून पेम्बिना-इमर्सन नाक्यावरून कॅनडात प्रवेश, मग विनिपेग, रिजायना आणि स्विफ्ट करंट करत सास्काचेवान प्रांताच्या दक्षिण टोकाला असलेल्या ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानापर्यंत जायचे आणि परतताना मोंटाना व नॉर्थ डकोटामधून अमेरिकेच्या २ क्रमांकाच्या महामार्गाने यायचे, असा आमचा गेल्या उन्हाळ्यातला बेत होता. भाड्याचे २५ फुटी मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, आम्ही दोघे आणि मोती व चिंगी ही आमची दोन कुत्री. प्रवास उत्तम झाला. तरीही कोणी या प्रवासाबद्दल विचारले की माझ्या तोंडून आधी प्रेअरीचे, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानाचे वर्णन निघत नाही, पशुवैद्यकीय दवाखान्याचे निघते. म्हणून तेच नीट लिहून ठेवते आहे.

गाडीचे काम सोपे होते. भाड्याने देणाऱ्यांनी कुत्र्यांसाठी वेगळे शुल्क घेतले, गाडी कॅनडात नेण्याची लेखी परवानगी दिली आणि विम्याचे ते पिवळे कार्डही दिले, जे अमेरिकेत नोंदलेल्या गाडीला कॅनडात विम्याचा पुरावा म्हणून चालते. हे कार्ड विमा कंपनी फुकट देते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, तेव्हा मागून घ्यावे.

खरी अडचण रेबीजच्या लसीच्या प्रमाणपत्राची. अमेरिकेतून मालकासोबत कॅनडात येणाऱ्या, तीन महिन्यांपेक्षा मोठ्या कुत्र्यासाठी कॅनडाच्या अन्न तपासणी संस्थेच्या अटी अगदी स्पष्ट आहेत. प्रमाणपत्र इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असावे, परवानाधारक पशुवैद्याची त्यावर सही असावी, कुत्र्याची जात, लिंग, रंग आणि वजन अशी ओळख पटेल एवढी माहिती असावी, लस दिल्याची तारीख, लसीचे व्यापारी नाव आणि अनुक्रमांक असावा, आणि लस किती काळ लागू राहते तेही लिहिलेले असावे. हा काळ लिहिलेला नसेल, तर लस तीन वर्षांची असली तरी ती एकच वर्ष चालते असे धरले जाते. एवढ्या अटी वाचून मी निर्धास्त झाले होते, कारण चिंगीची लस तीन वर्षांची होती आणि तिचे सगळे कागद दवाखान्याच्या अ‍ॅपमध्ये होते.

अ‍ॅपमधला कागद उघडून पाहिला तेव्हा त्यावर दवाखान्याचे रंगीत बोधचिन्ह होते, चिंगीचा फोटो होता, “रेबीज, तीन वर्षे” असे लिहिलेले होते आणि पुढची लस कधी द्यायची ती तारीख ठळक अक्षरांत होती. लसीचे नाव नव्हते. अनुक्रमांक नव्हता. सहीच्या जागी डॉक्टरांचे नाव टंकलेले होते. ग्राहकाने पुन्हा कधी यायचे एवढे सांगण्यापुरता तो कागद पुरेसा होता, पण सीमेवर दाखवण्यासारखे त्यात काही नव्हते.

मी फोन केला. अलीकडे या दवाखान्याची मालकी बदलल्यामुळे फोन दवाखान्यात वाजतच नाही, तो कुठल्याशा केंद्रात उचलला जातो आणि तिथली माणसे अत्यंत गोड आवाजात तीच चार वाक्ये म्हणतात. त्यांच्या मते माझ्याकडे प्रमाणपत्र होतेच, कारण त्यांना ते त्यांच्या पडद्यावर दिसत होते. त्यावर सही नाही असे म्हटल्यावर, प्रणाली असेच छापते, हे उत्तर मिळाले. अनुक्रमांकाबद्दल विचारले, तर तो ग्राहकांना दिला जात नाही असे एकीने सांगितले आणि असा क्रमांक नसतोच असे दुसरीने. दोन्ही उत्तरे चूक होती. लसीच्या प्रत्येक कुपीवर अनुक्रमांक असतो आणि तो छोट्या चिकटपट्टीच्या रूपात काढून नोंदीत लावताही येतो. अमेरिकेतले बरेच पशुवैद्य रेबीजसाठी जो “फॉर्म ५१” नावाचा प्रमाणित नमुना वापरतात, त्यात उत्पादकाचे नाव, अनुक्रमांक आणि सही या तिन्हींसाठी स्वतंत्र रकाने आहेत. हा नमुना मला ठाऊक झाला तो नंतर. तुम्ही पहिल्याच फोनमध्ये त्याचे नाव घ्या. समोरच्या माणसाला नियम समजावून सांगण्यापेक्षा फॉर्मचा क्रमांक सांगणे फार परिणामकारक ठरते.

मग मी स्वतः दवाखान्यात जाऊन उभी राहिले. काउंटरवरच्या मुलीला माझी अडचण समजली, पण सही करण्यात एक पेच होता. चिंगीला लस देणारे डॉक्टर नोकरी सोडून गेले होते, आणि आताच्या डॉक्टर स्वतः न तपासलेल्या प्राण्याच्या कागदावर सही करायला तयार नव्हत्या. त्यांची बाजू मला पटत होती, हेच सगळ्यात जास्त चिडवणारे होते. तपासायला घेऊन येते म्हटले, तर तपासणीची पहिली मोकळी वेळ आमच्या निघण्याच्या तारखेनंतरची. तातडीची वेळ मिळते, पण ती आजारी प्राण्यांसाठी. चिंगी त्या वेळी काउंटरवर पुढचे पाय टेकवून बरणीतल्या बिस्किटांकडे पाहत होती. तिला आजारी म्हणणे कोणालाच शक्य नव्हते.

मोतीची गोष्ट वेगळी. तो आम्ही प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणलेला, त्यामुळे त्याची लस तिथेच झाली होती आणि दुसऱ्याने दिलेल्या लसीवर आमचा दवाखाना सही करणार नाही हे उघडच होते. देणग्यांवर चालणारे ते आश्रयगृह, तिथे कोण माझ्यासाठी जुनी वही उघडून बसणार, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी सकाळी ईमेल पाठवले आणि दुपारी सही, शिक्का, अनुक्रमांक आणि मोतीच्या डाव्या कानाच्या पांढऱ्या टोकाचा उल्लेख, अशा सगळ्यांसह प्रमाणपत्र आले. त्यानंतर महागड्या दवाखान्यात ताटकळणे जास्तच मनाला लागले.

शेवटी ते काम कसे झाले, हे सांगते, कारण तीच या लेखातली उपयोगाची गोष्ट आहे. मी तक्रार करणे थांबवले आणि केंद्राला टाळून दवाखान्याच्या पत्त्यावर एक छोटे ईमेल लिहिले. त्यात कॅनडाच्या नियमातला मजकूर जसाच्या तसा चिकटवला, कोऱ्या फॉर्म ५१ ची प्रत जोडली आणि फक्त दोन गोष्टी मागितल्या: त्या दिवशी वापरलेल्या लसीचा अनुक्रमांक, आणि “दवाखान्याच्या नोंदीनुसार ही लस दिलेली आहे” एवढ्यापुरती आताच्या डॉक्टरांची सही. कुत्रे निरोगी असल्याची हमी नको, हेही स्पष्ट लिहिले. ते ईमेल तिथल्या एका अनुभवी तंत्रज्ञ बाईंनी वाचले, जुन्या नोंदीतून अनुक्रमांक शोधला आणि दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात डॉक्टरांसमोर कागद धरून सही घेतली. कागद घ्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या की असे विचारणारे बरेच येतात. बरेच येत असतील, तर तो नमुना काउंटरवरच का ठेवत नाहीत, हा प्रश्न ओठावर आला होता. पण कागद अजून त्यांच्या हातात होता, म्हणून मी गप्प बसले.

इमर्सनच्या नाक्यावर अधिकाऱ्याने आधी शस्त्रे, मद्य आणि कुत्र्यांचे खाणे यांबद्दल विचारले. कुत्र्यांचे खाणे अमेरिकेत बनलेले, कंपनीच्या मूळ बंद पिशवीत आणि २० किलोंच्या आत असावे लागते. घरच्या डब्यात काढून नेऊ नये. मग त्यांनी दोन्ही प्रमाणपत्रे मागितली, त्यावर पेनाचे टोक फिरवत प्रत्येक रकाना वाचला आणि कुत्री दारात आणायला सांगितली. मोती आला, त्याचा कान पाहिला गेला. चिंगी चालकाच्या डोक्यावरच्या पलंगावर झोपली होती आणि उतरायला तयार नव्हती, तेव्हा अधिकारी स्वतः पायरीवर चढून तिला पाहून गेले. कागद परत देताना ते म्हणाले की सगळे रकाने भरलेले असले की काम लवकर होते. हे वाक्य मी आमच्या दवाखान्याला कळवले आहे.

परतीचा नियम बरेच जण विसरतात. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासाठी, मग ते अमेरिकेतच राहणारे असो, सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा श्वान आयात फॉर्म ऑनलाइन भरून त्याची पावती जवळ ठेवावी लागते. कुत्रे किमान सहा महिन्यांचे असावे आणि त्याला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळख क्रमांकाची चिप असावी. फॉर्म फुकट आहे, प्रत्येक कुत्र्याचा वेगळा भरावा लागतो, कुत्र्याचा फोटो जोडावा लागतो आणि पावती ईमेलवर येते. कॅनडासारख्या, कुत्र्यांच्या रेबीजचा धोका कमी असलेल्या देशातून येताना एवढेच पुरते. पण कोणी गेल्या सहा महिन्यांत कुत्रे भारतातून आणले असेल, तर त्याने या लेखावर विसंबू नये. भारत जास्त धोक्याच्या यादीत असल्यामुळे तिथून येणाऱ्या कुत्र्यांचे नियम बरेच कडक आहेत. आम्ही फॉर्म घरूनच भरून पावत्या छापून घेतल्या होत्या, आणि ते बरे झाले, कारण ग्रासलँड्सच्या बऱ्याच भागात मोबाइलला नेटवर्क मिळत नाही.

नेटवर्कवरून आठवले. मोटरहोममधले तापमान फोनवर कळवणारी छोटी यंत्रे मिळतात आणि त्यांच्या भरवशावर लोक कुत्र्यांना एसी लावून गाडीत ठेवतात. प्रेअरीत या यंत्रांवर विसंबू नका. कॅम्पग्राउंडची वीज गेली की एसी बंद पडतो, सावलीला झाड नसते, गाडी भराभर तापते आणि नेटवर्क नसल्यामुळे फोनवर काहीच येत नाही. आमच्यापैकी एक जण नेहमी गाडीत थांबत असे.

स्विफ्ट करंटहून दक्षिणेला उद्यानाजवळच्या वाल मरी गावापर्यंत येता येता शेते विरळ होत जातात आणि फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यात उतरल्यावर मूळचे गवत सुरू होते. ते दिसायला मऊ असले तरी त्यात कुसळी गवत भरपूर आहे. संध्याकाळी फिरून आल्यावर मी चिंगीला पायरीवर आडवी करून टॉर्चच्या उजेडात तिच्या बोटांमधली कुसळे चिमट्याने काढत असे. कुसळाचे टोक केसांतून आत शिरते आणि त्याचे बारीक काटे त्याला मागे येऊ देत नाहीत, त्यामुळे ते ओढताना सरळ रेषेत ओढावे लागते. कान आणि नाकपुड्याही तपासाव्यात. गोचिड्या होत्याच, पण त्या दिसतात तरी.

या उद्यानात कुत्र्यांना दोरी बांधून नेता येते. २००५ च्या अखेरीस अल्बर्टा प्रांतातल्या एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानातून आणलेल्या गव्यांचे, म्हणजे बायसनांचे कळप इथे मोकळे फिरतात, त्यांच्यापासून किमान १०० मीटर लांब राहावे. प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्यांच्या वसाहती कॅनडात नैसर्गिक स्थितीत फक्त याच भागात आहेत. त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो, आणि तो २०१० मध्ये इथे आढळलेला आहे, त्यामुळे कुत्र्यांना बिळांपाशी हुंगू देऊ नये. पिसवांचे औषध निघण्याआधीच द्यावे. बिळांमध्ये प्रेअरी रॅटलस्नेकही असू शकतो, हे मोतीला सांगून पटण्यासारखे नव्हते, म्हणून त्याची दोरी आखूड धरावी लागली.

रस्त्याबद्दल इतकेच की विनिपेग ते रिजायना हे साधारण पावणेसहाशे किलोमीटर सपाट असले तरी सोपे नाहीत, कारण बाजूचा वारा उंच गाडीला सतत ढकलतो आणि समोरून ट्रक गेला की झोका बसतो. वारा दुपारी वाढतो, आम्ही सकाळी लवकर निघत असू. उन्हाळ्यात विनिपेगच्या मॅनिटोबा प्रांतातून सास्काचेवानात शिरताना घड्याळ एक तास मागे जाते. वाल मरीच्या दक्षिणेला मोंटानात उतरायचे असेल, तर मोंची-मॉर्गनचा नाका पेम्बिनासारखा चोवीस तास उघडा नसतो, हेही लक्षात ठेवावे. तिथे आमच्या पावत्या पाहिल्या, मायक्रोचिपचे क्रमांक पाहिले आणि काही मिनिटांत सोडले.

चिंगीची लस पुढच्या मार्चमध्ये संपते. त्या भेटीची वेळ ठरवतानाच मी लिहून कळवले आहे की लस दिल्यावर फॉर्म ५१ भरून, डॉक्टर खोलीत असतानाच त्यावर सही करून द्यावी. त्यावर अ‍ॅपमध्ये एक आपोआप आलेले उत्तर आहे: आपले प्रमाणपत्र आपल्या खात्यात उपलब्ध आहे.