कॉटनमाउथ: पाणसाप, पण ओल्यात ठेवायचा नाही

तापी-गिरणाकाठी पाण्यात साप दिसला की बहुधा विरोळाच; चावरा, पण बिनविषारी. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीत हा हिशेब चालत नाही. तिथला कॉटनमाउथ आपल्या घोणस-फुरशाच्या कुळातला, चांगलाच विषारी.

अंग जाडजूड, मान बारीक, डोकं रुंद. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो; घोणशीला तो नसतो. पिल्लं पट्टेदार, शेपटीचं टोक पिवळं. ते अळीसारखं हलवून बेडकाला भुलवतात. वयाबरोबर पट्टे बुजून साप काळपट होतो. डिवचला की जबडा फाकवून पांढरंफेक तोंड दाखवतो. कापूस पिकवणाऱ्या मुलखाला हे नाव समजावून सांगायला नको!

प्राणिसंग्रहालयात ठेवताना मोठी चूक होते ती ‘पाण्यातला आहे’ म्हणून तळ ओला ठेवण्याची. पोटाखालचे खवले लाल होतात, फोड येतात, मग जंतुसंसर्ग. १२० बाय ६० सेंटिमीटरचा, कुलूप लागणारा पिंजरा घ्यावा. तळाला कोरडा कागद, आणि अंग बुडेल एवढं जड, न उलटणारं पाण्याचं भांडं. घाण झाली की पाणी त्याच दिवशी बदलायचं.

ऊबेची बाजू ३० अंश, गार बाजू २४. जळगाव-भुसावळचा मे ४५ अंशांना टेकतो, तिथे दिव्यापेक्षा एसी आणि जनरेटरचीच काळजी जास्त. कूलरवर भिस्त ठेवू नये. खोली दमट होते, कागद वाळत नाही.

मोठ्या सापाला दोन-तीन आठवड्यांनी, बर्फातून काढून कोमट केलेला उंदीर पुरतो. नुसत्या गोल्डफिशवर ठेवला तर त्यातल्या थायमिनेजमुळे ब१ जीवनसत्त्व नष्ट होऊन साप थरथरू लागतो. भुकेला साप दार उघडताच झेपावतो, म्हणून चिमटा निदान ६० सेंटिमीटरचा हवा. लपायच्या पेटीचं झाकण बाहेरून सरकवता यावं. साप आत गेलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सफाईला हात घालायचा नाही.

आधी विरोळा पाळून हात बसवू म्हणाल, तर तेही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली चालत नाही.

आणि आपल्या दवाखान्यांतली प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरशासाठीची. कॉटनमाउथच्या दंशावर ती भरवशाची नाही. त्याची लस बाहेरून मागवून, मुदत तपासून फ्रीजमध्ये ठेवायची. साप त्यानंतर आणायचा.