तासांत मोजलेलं बेट

नववीत असताना इतिहासाच्या सरांनी एकदा फळ्यावर लांबट, चिंचोळं बेट काढलं. "हे क्रीट, ग्रीसचं बेट," म्हणाले, आणि पाठ्यपुस्तक मिटून ठेवलं. पुढचा तास गणिताचा होता. बाई आल्या, आणि त्याही मागच्या बाकावर बसून ऐकत राहिल्या.

गोष्ट होती जॉन पेंडलबरीची. लहानपणीच एक डोळा गमावलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला, उंच उडीत तरबेज असा हा पुरातत्त्वज्ञ क्रीटवरच्या क्नोसॉसच्या प्राचीन राजवाड्याची देखरेख करायचा. इजिप्तमध्ये अमार्ना या प्राचीन शहराचं उत्खननही त्याच्याकडेच होतं. पण जीव जडला तो क्रीटच्या डोंगरांवर. सारं बेट त्याने पायी पालथं घातलं, मेंढपाळांच्या घरी जेवला, त्यांची बोली शिकला. त्याच्या १९३९ च्या ग्रंथात एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जायला किती तास लागतात, तेही नोंदवलंय. "डोंगरात मैल काय कामाचे?" सर विचारायचे.

१९४० मध्ये तो क्रीटमधल्या हेराक्लिओन शहरात आला तो कागदोपत्री ब्रिटिश उपवाणिज्यदूत म्हणून. खरं काम गुप्तहेर खात्याचं होतं, डोंगरातल्या टोळीनायकांना लढ्यासाठी उभं करण्याचं. खापरं वेचत हिंडणाऱ्या या माणसाला ते आधीपासून ओळखत होते, म्हणूनच त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. माझ्या मते त्याची खरी विद्वत्ता तीच.

२० मे १९४१ ला जर्मन छत्रीधारी सैनिक उतरले. क्रीटची स्वतःची लष्करी डिव्हिजन ग्रीसच्या मुख्य भूमीवरच अडकलेली, त्यामुळे म्हातारे आणि पोरं जुन्या बंदुका घेऊन धावले. दुसऱ्या दिवशी पेंडलबरी हेराक्लिओनच्या हान्या वेशीतून क्रूसोनास गावाकडे निघाला, 'सतानास' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळीनायकाच्या माणसांना गाठायला. वेशीबाहेरच तो जखमी झाला, आणि २२ मे रोजी जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. वय अवघं ३६.

त्या आठवड्यात सरांनी आम्हाला गडावर नेलं. प्रत्येकाच्या हातात वही. "अंतर नको, वेळ लिहा. पाणी कुठे आहे ते लिहा. वाटेत भेटेल त्याचं नाव विचारा." माझ्या वहीत पायथ्याच्या वाडीतल्या एका आजींनी दिलेल्या ताकाचीही नोंद आहे.

नोकरीनिमित्त ग्रीसला गेलो तेव्हा मी क्रीटला जाऊन आलो. तिथल्या सूदा उपसागराजवळच्या युद्ध-दफनभूमीत पेंडलबरीच्या थडग्यापाशी बराच वेळ उभा होतो. संध्याकाळी सरांना पोस्टकार्ड टाकलं: हेराक्लिओन ते क्नोसॉस, पायी, सव्वा तास.