सिव्हीकेस सेटअप, अपडेट ३: नाव माहीत नाही पण केस उघडलीय
मागच्या वेळी जिथे अडकले होते तिथूनच पुढे. सिव्हीकेस (संस्थांसाठीच्या सिव्हीसीआरएम या मोफत सॉफ्टवेअरचा केसेस सांभाळणारा भाग) क्लायंट, म्हणजे केस ज्या माणसाची तो, दिल्याशिवाय केस उघडूच देत नाही आणि मला तर माणसाचं नाव माहीत नसतानाच ती उघडायचीय. म्हणजे समजा फोन आला की शेजारच्या घरातल्या आजींनी दोन दिवस दार उघडलं नाहीये, आजींचं नाव फोन करणाऱ्यालाही माहीत नाही, पण फोन कोणी घेतला, बघायला कोण गेलं, परत कधी जायचं हे त्या मिनिटापासून नोंदवलं गेलं पाहिजे. (माझ्याकडे सगळा बनावट डेटा आहे, घरच्या लॅपटॉपवर वर्डप्रेस आणि त्यात सिव्हीसीआरएम टाकून खेळतेय.)

पहिला जुगाड कोणालाही सुचेल तोच, 'अज्ञात व्यक्ती' नावाचा एक काँटॅक्ट करायचा आणि सगळ्या बिननावाच्या केसेस त्याच्या गळ्यात घालायच्या, नाव कळलं की 'असाइन टू अनदर क्लायंट'. मला वाटलेलं तो फक्त क्लायंट बदलतो. कसलं काय! तो नव्या क्लायंटच्या नावावर नवीन केस काढतो, अ‍ॅक्टिव्हिटीज (फोन, भेटी अशा केसमधल्या नोंदी) तिकडे कॉपी करतो आणि जुनी केस ट्रॅशमध्ये टाकतो. वहीत मी केस १४ लिहून बसलेले आणि ती झाली १९, १४ कुठे गेली म्हणून पाऊण तास शोधत होते.

मग डोक्यात आलं की क्लायंट बदलायचाच कशाला, नाव बदलू की. आता प्रत्येक केसला स्वतःचा वेगळा कोरा काँटॅक्ट करते, 'अनामिक' आणि आडनावाच्या जागी तारीख नि नंबर. ओळख पटली की तोच काँटॅक्ट उघडून खरं नाव टाकायचं, बस. केस आयडी तोच, टाइमलाइन (कोणती अ‍ॅक्टिव्हिटी किती दिवसांनी करायची याची ठरलेली यादी) तीच, काही हलत नाही.

यातही एकदा तोंडावर पडले. काँटॅक्ट सेव्ह करायला नाव-आडनाव किंवा ईमेल यातलं काहीतरी लागतं, म्हणून टेस्टच्या १० जणांना एकच खोटा ईमेल देऊन सीएसव्ही इम्पोर्ट केली. आत आला एक! बाकीचे ९ डुप्लिकेट म्हणून बाहेर, कारण इम्पोर्ट 'अनसुपरवाइज्ड' डीड्युप नियम (एकच माणूस दोनदा आलाय का हे आपोआप तपासणारा) वापरतं आणि तो मुळात ईमेलच बघतो. तेव्हा खोटा ईमेल अजिबात नको, नुसतं नाव-आडनाव पुरे.

केसच्या स्टेटसमध्ये 'ओळख बाकी' असं नवीन घातलंय, त्याचा क्लास 'ओपन्ड' ठेवायला विसरू नका, नाहीतर केस चालू असूनही बंद धरली जाईल.

खरी मजा टाइमलाइनमध्ये आली. आधी सगळ्या अ‍ॅक्टिव्हिटीज मी एकाच टाइमलाइनमध्ये कोंबलेल्या, त्यामुळे केस उघडली की कागदपत्रं मागवणं, घरच्यांशी बोलणं सगळं 'ओपन केस' (केस उघडल्याची पहिली अ‍ॅक्टिव्हिटी) हिच्या तारखेपासून मोजून शेड्यूल व्हायचं आणि नाव कळायच्या आतच निम्मं ओव्हरड्यू, बघूनच जीव दडपायचा. आता दोन तुकडे केलेत. पहिल्यात फक्त ओपन केस, भेट आणि पुन्हा फोन. दुसरी टाइमलाइन मी 'ओळख पटली' नावाची अ‍ॅक्टिव्हिटी नोंदवल्यावर हाताने 'अ‍ॅड टाइमलाइन' करून घालते आणि तिच्यात रेफरन्स म्हणून तीच अ‍ॅक्टिव्हिटी दिलीय, म्हणजे दिवस तिथून मोजले जातात. हाताने घालावी लागते हे थोडं खटकतं, पण कोणीतरी डोळ्यांनी बघून हो म्हणतंय हे मला उलट बरंच वाटतं.

आता पुढचा नंबर मर्जचा (दोन काँटॅक्टचा एक करण्याचा), म्हणजे अनामिक निघाला आपल्याच यादीतला जुना माणूस तर काय. त्यासाठी दोन बनावट आजी तयार करून ठेवल्यात, रविवारी बसते.