स्लाइड प्रोजेक्टर आणि आपल्याकडचा उन्हाळा

जुना स्लाइड प्रोजेक्टर हाती आला की बहुतेकांची पहिली चौकशी दिव्याची असते: लागतो का, मिळतो का, केवढ्याला मिळतो. माझ्या मते आधी पाहावा तो पंखा आणि आतली उष्णता शोषणारी काच. अनेक प्रोजेक्टरांत असणारा २४ व्होल्ट, २५० वॅटचा हॅलोजन दिवा आजही विकत मिळतो. स्लाइडचे तसे नाही. कॅमेऱ्यात होती तीच फिल्म धुऊन, कापून ५० मिलिमीटरच्या चौकटीत बसवलेली असते. तिच्यामागे निगेटिव्ह नसते. ती करपली की ते चित्र कायमचे गेले.

हॅलोजन दिव्याला दिलेल्या विजेचा थोडाच भाग प्रकाश होतो, उरलेली बहुतेक उष्णता होते आणि तीही प्रकाशाबरोबर भिंगांतून थेट फिल्मकडे निघते. तिला वाटेत अडवण्यासाठी दिवा आणि स्लाइड यांच्यामध्ये एक जाड काच असते. कडेने पाहिल्यास तिच्यात हिरवट झाक दिसते. उष्णता पोटात घेत असल्यामुळे ती स्वतः चांगलीच तापते, म्हणून ती खाचेत किंचित सैल बसलेली असावी लागते. घट्ट दाबून बसवली तर प्रसरणाला जागा न मिळून तडकते. जुन्या बाजारातून घेतलेल्या यंत्रात ही काच तडकलेली किंवा गायबच असू शकते आणि पडद्यावर चित्र छानच दिसत असल्यामुळे घेणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. तिच्या जागी खिडकीची साधी काच कापून बसवणे निरुपयोगी आहे, कारण साधी काच ही उष्णता फारशी अडवत नाही.

आता आपल्या भागाचे पाहू. पंखा हवा थंड करीत नाही, खोलीतली हवाच आत ओढतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. खोलीची हवा २५ ऐवजी ४५ अंशांची असेल, तर स्लाइडजवळचे तापमानही साधारण तेवढ्याच फरकाने वर सरकते. त्यात काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू पंख्याच्या पात्यांवर नि जाळीवर बसले की वारा आणखी मंदावतो. यावर कूलर लावावा, तर त्याची हवा ओली असते. दोन काचांमध्ये बसवलेल्या स्लाइडमध्ये हा ओलावा शिरला, की दिव्यासमोर तो वाफ होऊन काचेच्या आतल्या बाजूला धरतो आणि पडद्यावर कडेकडून एक धुकट डाग सरकताना दिसतो. पुढे तिथेच बुरशी धरते. त्यामुळे घरच्या मंडळींना स्लाइड दाखवायच्या असतील, तर दिवाळीनंतरची कोरडी थंडी हाच माझ्या दृष्टीने योग्य काळ आहे. नातवंडे मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतच येतात, त्याला इलाज नाही. तेव्हा रात्री उशिरा, गच्चीवर खेळ लावावा.

पुठ्ठ्याच्या चौकटीतली स्लाइड दाखवताना एक गोष्ट हमखास दिसते. चित्र स्पष्ट असते आणि काही क्षणांत त्याचा मधला भाग एकदम पुसट होतो. फोकस बिघडला असे वाटते, पण भिंग जागचे हललेले नसते. फिल्मवरचा जिलेटिनचा थर तापून कोरडा होतो, फिल्म फुगते आणि मधोमध पुढे किंवा मागे येते. फोकस पुन्हा जुळवून पुढे जावे. मात्र तीच स्लाइड पडद्यावर ठेवून कोणी अजिंठ्याच्या चित्रांवर पाऊण तास बोलू लागले, तर वक्त्याला थांबवावे. एका स्लाइडला एक मिनिट पुष्कळ झाले. कोडॅक्रोमच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे: १९३६ पासून ३५ मिलिमीटरमध्ये मिळू लागलेली ही फिल्म अंधारात ठेवली तर रंग उत्तम टिकवते, पण प्रोजेक्टरच्या प्रकाशात तिचे रंग एक्टाक्रोम या कोडॅकच्याच दुसऱ्या स्लाइड फिल्मपेक्षा लवकर उडतात.

खेळ संपल्यावर दिवा आधी बंद करावा आणि पंखा काही वेळ चालू द्यावा. बटणाला तशी मधली जागा नसेल, तर शेवटची स्लाइड काढून ठेवल्याशिवाय यंत्र बंद करू नये. लाइट जाणे आपल्याला नवे नाही. ती गेली की पंखाही थांबतो, पण भिंगे आणि दिव्याची कोठी तापलेलीच राहते. अशा वेळी टॉर्च शोधून पहिल्यांदा समोरची स्लाइड बाहेर घ्यावी. ती हाताने काढता येते का, हे दिवसाउजेडी एकदा करून पाहिलेले असावे. नवा दिवा बसवताना त्याच्या काचेला उघडे बोट लावू नये, कारण बोटाचे तेल तापून काच तिथेच निकामी होते. फार जुन्या यंत्रात दिव्याभोवती पांढरट, तंतुमय पत्रा दिसला, तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो खरवडू नये आणि त्यावर फुंकही मारू नये.