चुंबक चिकटलं!

आज भोसरीच्या शेडवर हॉटेलच्या सिंकचं काम. पोरगा ३०८एलची, म्हणजे ३०४ स्टील जोडायची वेल्डिंगची तार घेऊन टाके मारायला बसला, तेवढ्यात मी सवयीने खिशातलं चुंबक लावून बघितलं. सिंकवरून घसरलं, खालच्या पट्टीला मात्र गच्च! म्हणजे सिंक बहुधा ३०४ (हे स्टेनलेस चुंबक धरत नाही), पट्टी ४३० (हे स्वस्तातलं स्टेनलेस धरतं). बिलावर दोन्ही ३०४, अर्थात. (पट्टी २०२ची, म्हणजे चुंबक न धरणाऱ्या हलक्या स्टेनलेसची असती तर चुंबकालाही पत्ता लागला नसता.)

"काका, शेवटी स्टीलच ना?"

बाबा रे, नाही. ३०९एलची तार काढली. तिच्यात क्रोमियम-निकेल जास्त, ४३० मिसळलं तरी जोड तडकायची भीती कमी. करंट उतरवला, थांबत थांबत शिवत गेलो. ४३० जास्त तापलं की धातूच्या आतला दाणा वाढतो, ठिसूळ होतं.

पाचला बघितलं, शिवण फिकट सोनेरी. दुकानदाराला फोन उद्या करतो, आज तोंडातून काहीही निघेल.