जिद्द, हट्ट आणि हेका

स्मरणिका समितीने शाळेविषयी काहीही लिहा असे कळवले आहे. परंतु शाळा म्हटले की मला मराठीच्या बाईच दिसतात, आणि त्यातही नववी ‘ब’मधला एक तास.

त्या वर्षी रेल्वेतील बदलीमुळे गावात आलेल्या एका हिंदीभाषक कुटुंबातला मुलगा आमच्या वर्गात होता. ‘माझा भाऊ फार जिद्दी आहे, खेळणे मिळेपर्यंत रडतो,’ असे त्याने निबंधात वाचले आणि वर्ग हसला. बाईंनी खडू खाली ठेवला, त्याच्या घरच्या भाषेत हे वाक्य अचूक असल्याचे सांगितले आणि शिक्षकखोलीतून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड आणवले. 1932 ते 1938 या काळात निघालेले ते सातही खंड तेव्हा आपल्याकडे होते.

‘जिद्द’च्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘विरुद्ध’ असा. हिंदीत त्याला बहुधा दूषणाची छटा आली; मराठीने मात्र जिद्दीला मान दिला आणि दूषणासाठी हट्ट व हेका राखून ठेवले. हट्ट संस्कृत ‘हठ’पासून आलेला, पण बाईंना व्युत्पत्तीपेक्षा क्रियापदांत अधिक रस असे. हट्ट करतात, धरतात आणि पुरवतातही. हेका धरतात, चालवतात, क्वचित सोडतात, पण हेका कोणी पुरवत नाही. पुरवणारे आपले माणूस समोर असल्याशिवाय हट्ट होतच नाही. राजहट्ट तेवढा वेगळा, कारण तो न पुरवून सांगता कोणाला, असे त्या हसून म्हणाल्या. आडमुठा आणि अडेलतट्टू यांची बोळवण दोन वाक्यांत झाली. उरलेला वेळ आग्रहाला मिळाला: पंगतीतला आग्रह, मग दुराग्रह, आणि शेवटी 1927 सालचा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, ज्याला पाणी नाकारणाऱ्यांनी खुशाल हेका म्हटले असेल.

आज मी वकिली करतो आणि कौटुंबिक वादांत मध्यस्थ म्हणूनही काम पाहतो. तिथे प्रत्येक पक्षकार स्वतःच्या भूमिकेला तत्त्व म्हणतो आणि समोरच्याच्या तशाच भूमिकेला हेका. कोणता शब्द कोणाच्या तोंडून आला हे टिपण्याची सवय बाईंनी लावली, आणि कायद्याच्या कलमांपेक्षा तिनेच माझ्या हातून अधिक तंटे मिटवले आहेत. (विज्ञानाच्या सरांनी क्षमा करावी, त्यांच्याविषयी लिहायला जागा उरलेली नाही.)

खंत एवढीच की, हिंदीवरून उतरवलेल्या जाहिरातींत आणि मालिकांत रडून वस्तू मागणारे मूल आता मराठीतही ‘जिद्दी’ होऊ लागले आहे. नव्या इमारतीत शब्दकोशाचे ते खंड काचेच्या कपाटात कुलूपबंद असल्याचे ऐकतो. त्यांच्या नव्या बांधणीचा खर्च मी आनंदाने देईन. मात्र ते नववीच्या मुलांच्या हाताला लागतील अशा जागी ठेवावेत. समितीने याला माझा हट्ट समजावे आणि तो पुरवावा.