गोधडीत शिजलेली खीर

जर्मनीत येऊन मला आता सहा वर्षं होतील, कासेलला राहते, आणि इथे गोड काय खातात असं घरून कुणी विचारलं की मी आपली केक आणि चॉकलेटचीच नावं सांगायचे कारण दुकानात तेच दिसतं. घरात लोक काय गोड करून खातात ते मला कळलं खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे. १९३८ चा जन्म त्यांचा, एकट्या असतात, तळघरातून पाण्याच्या बाटल्या मी त्यांना वर आणून देते.

मागच्या जानेवारीत अशीच बाटल्या घेऊन गेले तर म्हणाल्या, बेडरूममध्ये ये, पलंगावर हात लावून बघ. दुलईखाली काहीतरी गोल, उंचवटा, आणि गरम! वरून दुलई, मग टॉवेल, मग वर्तमानपत्राचे चार पदर आणि आत झाकण घट्ट लावलेलं पातेलं. त्यात मिल्शराइस, म्हणजे शब्दशः दूधभातच. एक लिटर दूध, अडीचशे ग्रॅम आखूड गोल तांदूळ, चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ, उकळी आली की पाच मिनिटं मंद आचेवर ढवळायचं, आणि तसंच उकळतं पातेलं गुंडाळून अंथरुणात ठेवून द्यायचं. खाली लागत नाही, उतू जात नाही, गॅसही नाही. किती वेळ ठेवायचं विचारलं तर म्हणाल्या, आई चर्चला जाताना ठेवायची, आल्यावर आम्ही खायचो.

मग त्यांनी छोट्या कढईत लोणी टाकलं आणि ते तांबूस होईपर्यंत कढवलं, आणि खरं सांगते मी तिथे उभी होते ती एकदम आमच्या चिपळूणच्या स्वयंपाकघरात गेले. तूप कढवताना शेवटी जो खमंग वास सुटतो ना, डिट्टो तोच. तळाशी बेरीसुद्धा तशीच! आपल्याकडे ती बेरी साखर घालून पोरांना चाटायला देतात, इथे ती लोण्यासकट भातावर ओततात आणि वरून दालचिनी-साखर. मी दोन वाट्या खाल्ल्या.

खाताना त्या जुनं बोलत बसल्या. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये बॉम्बिंगमध्ये जुनं कासेल शहर जवळजवळ सगळं जळालं तेव्हा त्या पाच वर्षांच्या. पण त्यांना जास्त आठवतो तो १९४६-४७ चा हिवाळा, ज्याला इथले लोक अजून भुकेचा हिवाळा म्हणतात. कोळसा नाही, तांदूळ तर नाहीच, आई पातळ दुधात सातूच्या भरड्याची पेज करायची, गोडाला काही नसायचंच. चूल जेमतेम एक उकळी येईल एवढीच पेटायची म्हणून पातेलं गवत भरलेल्या लाकडी पेटीत नाहीतर अंथरुणात. त्या पेटीला इथे कोखकिस्टे म्हणतात, शिजवायची पेटी. जिभेची हौस म्हणून नाही, जळण नव्हतं म्हणून हे सगळं आलं.

घरी येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, अगं मग आपल्या आजीचं वेगळं काय होतं, मुख्य चुलीवर भात-आमटी आणि बाजूच्या वैलावर दुधाचं पातेलं, तिथली धग फुकट जाऊ नये म्हणून. किती वेळ ठेवायची गं? तर म्हणे, देवळात जाऊन येईपर्यंत. मी फोनवर गप्पच झाले दोन मिनिटं.

पुढच्या रविवारी आपली तांदळाची खीर तशीच केली, आणि दुलई नाही तर आईने पाठवलेली गोधडी गुंडाळली. पहिल्यांदा चव काही जमली नाही, कारण बंद पातेल्यात दूध आटत नाही आणि आपल्या खिरीचा जीव आटलेल्या दुधात असतो. म्हणून आता आधी दीड लिटर दूध आटवून लिटरभर करते, मग तुपावर परतलेले, जरा भरडलेले शंभर ग्रॅम तांदूळ त्यात टाकून एक उकळी काढते आणि दीड तास गोधडीत. साखर, वेलची, जायफळ नंतर, साखर आधी घातली तर तांदूळ टणक राहतो. इथे साडेतीन टक्के फॅटचं दूध घ्या, दीड टक्केवाल्यात मजा नाही. आणि शिरा करणार असाल तर रवा बघून घ्या, मऊ गव्हाचा रवा इथल्या दुधातल्या लापशीला छान पण शिऱ्यात त्याचा गोळा होतो, कडक गव्हाचा मोकळा राहतो.

आजींना वाटीभर खीर नेऊन दिली. वेलची त्यांना ख्रिसमसच्या बिस्किटांतली माहीत होती, दुधात पहिल्यांदाच खाल्ली. बदल्यात त्यांनी मला शिळ्या ब्रेडचा प्रकार शिकवला, दूध-अंड्यात भिजवून लोण्यात परतायचा, नाव आर्मे रिटर, म्हणजे गरीब सरदार. मी म्हटलं आमच्याकडे शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू करतात. त्यांना ते इतकं पटलं की लगेच कपाटातून शुगरबीटच्या पाकाचा डबा काढला, काळा, घट्ट, दिसायला काकवीच, आणि म्हणाल्या गुळाऐवजी हा चालेल का.

दुकानात मिल्शराइस प्लास्टिकच्या डब्यात तयार मिळतो, थंडगार, आणि आजींच्या नातवंडांना तोच माहितीये. मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून त्यांचं माप मी मराठीत आणि त्यांच्या नातीसाठी जर्मनमध्ये लिहून ठेवलंय. आता शनिवारी चार पोळ्या मुद्दाम जास्तीच्या लाटणार आहे, म्हणजे रविवारी त्या शिळ्या होतील. पाकातला लाडू वळला जातो का ते बघायचंय, नाहीच वळला तर चमच्याने खाऊ आम्ही दोघी.